कॉलरखालची गाठ

३ नोव्हेंबर

आत्या,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची हे तू शिकवलंस, म्हणून नमस्कार. मनापासून आहे का, ते विचारू नकोस.

तू गेल्यापासून दुकानात सगळं ठीक आहे. बाबा वेळेवर शटर उघडतात. आई इस्त्री सांभाळते. खिडकीतला लाकडी पुतळा, आपला साहेब, तसाच उभा आहे. त्याने तुला कधी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून या घरात तुझा लाडका तोच. तुझी खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, पण त्याचा तू काढशील तो अर्थ काढू नकोस. तिचा एक पाय डुगडुगतो.

जाताना दारात उभं राहून तू जे बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते तुलाही विसरता येऊ नये म्हणून इथे लिहिते. "हिने एक कोट पुरा करून दाखवावा. कापण्यापासून शेवटच्या बटणापर्यंत, एकटीने. दाखवला तर हे टेबल तिचं, मी परत येणार नाही. नाही जमलं तर मला बोलाव. पण मग ही माझ्या हाताखाली बसेल आणि तोंड बंद ठेवेल." बोलत होतीस बाबांशी आणि बघत होतीस माझ्याकडे. मग चपला घालता घालता म्हणालीस की तिकडे गेल्यावर बॅग पूर्ण उघडणारच नाहीस, महिन्याभरात परतायचंच आहे.

उघड, आत्या. कपडे कपाटात लाव.

कोट मी आज बेतला. राखाडी लोकरीचं कापड घेतलंय. कोट माझ्यासाठीच आहे. बाबांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, कारण गाण्याच्या वर्गाच्या कोटांचं कापड तेव्हा येणार आणि ते काम त्यांच्या एकट्याच्याने उरकायचं नाही. तुला 'ये' म्हणणारं पत्र त्यांनी लिहून मशीनच्या खणात ठेवलंय. वर तिकीटही लावलंय. मी पाहू नये म्हणून त्यावर रिळांचा डबा ठेवतात आणि दर वेळी रीळ काढायला मलाच सांगतात.

तुझी,
अर्धी

(तू ठेवलेलं नाव. निदान ते तरी पुरं लिहिलं.)

९ नोव्हेंबर

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी उत्तरासाठी लिहीतही नाही.

कापड कापून झालं. पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाह्या, कॉलर. प्रत्येक माप इतक्या वेळा घेतलं की आई म्हणाली, कापड आता आपणहून सांगेल मी केवढं आहे ते. कच्च्या टिपाही घातल्या. त्या मला येणारच. लहानपणापासून माझ्या वाट्याला तेच काम: पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालायचे, आणि पक्की शिलाई झाली की तेच ओढून काढून केराच्या टोपलीत टाकायचे. आपल्या दुकानातून इतके कपडे गेले, त्या टाक्यांतला एकही कुणाच्या अंगावर नाही.

छातीच्या दुखण्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं, तोवर या टेबलावर कापायच्या खडूने तू मला अक्षरं शिकवलीस. उपकार आहेत, मान्य. पण कशी शिकवलीस ते आठव. 'क'ची उभी रेघ मी काढायची, पोट मी काढायचं, शेपूट मात्र तू काढायचीस. माझं वाकडं यायचं ना. मग शाळेतल्या पहिल्या दिवशी मी पाटीभर बिनशेपटाचे क लिहिले आणि हाताची घडी घालून बसले. बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, बाकीचं कोण करणार?

ही गोष्ट तू गिऱ्हाइकांना सांगायचीस. माप घेताना पोट आत ओढून उभे राहिलेले लोक ती ऐकून इतके हसायचे की त्यांचं खरं माप मिळायचं. तुझी युक्तीच होती ती. मी टेबलाखाली टाचण्या वेचत ऐकायचे.

शेवटच्या बटणाची रीत आपल्या घरात आजोबांनी घातली. जो शेवटचं बटण लावेल त्याने कॉलरच्या खाली, अस्तराला, आपल्या रंगाच्या दोऱ्याची एक बारीक गाठ मारायची. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, आपल्याला दिसते. कपडा दुरुस्तीला परत आला की आधी कॉलर उलटायची आणि हा कुणाचा ते बघायचं. आजोबांचा काळा, बाबांचा निळा, तुझा लाल. मी माझा रंग मागितला तेव्हा तू म्हणालीस, "आधी काही पुरं तर कर, मग रंग." आणि मी काही पुरं करायच्या बेतात आले की तूच येऊन ते पुरं करायचीस.

तो गाण्याच्या बाईंच्या कोटाचा प्रकार मी या पत्रात लिहिणार नाही.

१५ नोव्हेंबर

आत्या,

लिहिते.

त्या कोटाच्या बाह्या मी लावल्या होत्या, कॉलर मी बसवली होती, काजं मी केली होती. तूच म्हणाली होतीस, काजं बरी आलीत. तुझ्या तोंडून 'बरी' म्हणजे काय, ते मला कळतं. राहिली होती फक्त बटणं. मी जेवायला वर गेले आणि हात धुऊन खाली आले तर कोट साहेबाच्या अंगावर, बटणं लावलेली, कॉलरखाली लाल गाठ. तू खुर्चीत बसून चष्मा पुसत होतीस. बाई संध्याकाळी आल्या, आरशासमोर वळून वळून बघितलं, आणि म्हणाल्या की तुमच्या हाताला तोड नाही. तू म्हणालीस, "आमची अर्धी होती मदतीला."

मग मी कात्री घेतली आणि बाईंच्या अंगावरच्या कोटाची सगळी बटणं एकेक करून कापली. बाई हलल्यासुद्धा नाहीत; माप देताना उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या, बिचाऱ्या. शेवटचं बटण साहेबाच्या पायाशी घरंगळत गेलं. बाईंची मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली. तुझी मागणार नाही.

आता आजचं सांगते, कारण ते तुला माझ्याकडून कळलेलं बरं. कोट अडला आहे. उजवी बाही बसली, डावी हातात घेतली की माझं घोडं अडतं. मुंढ्याशी बाही टाचते आणि उठते. पाणी पिते. रिळं रंगाप्रमाणे लावते. कॉलर वाकडी वाटते म्हणून उसवते आणि परत बसवते. मध्येच वाटतं, राखाडी चुकलंच, निळं घ्यायला हवं होतं, आणि नव्या कोटाचं चित्र काढायला बसते. या पंधरवड्यात मी एक मफलर अर्ध्यावर आणला, जिन्याखालचं स्टूल तीन पायांपर्यंत रंगवलं आणि खिडकीचा पडदा एका बाजूने दुमडून ठेवला. तू होतीस तेव्हा हे सगळं दुसऱ्या दिवशी आपोआप पुरं झालेलं दिसायचं. आता ते तसंच पडून आहे. आई म्हणाली, "बाई गं, घरात पाय ठेवायला जागा ठेव, एवढंच म्हणते."

काल तू बाबांना फोन केलास. ते वळून, हळू आवाजात बोलत होते, पण दुकान केवढंसं ते. तू विचारलं असशील कुठवर आलाय, कारण बाबा म्हणाले, एक बाही राहिलीय. मग तू हसलीस. फोनमधून बाहेर येईल इतकं हसलीस. बाबांनी फोन ठेवला आणि रिळांचा डबा उगाचच सरळ केला.

ते हसू मी कोटाच्या खिशात घालून ठेवलं आहे.

१९ नोव्हेंबर

आत्या,

मला सापडलं.

आज दुपारी डावी बाही हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे उठले. जिन्यापर्यंत गेले आणि थांबले, कारण मी कान देत होते. कशाला? तुझ्या चपलांना. तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा सैल आहे, त्यामुळे तू येताना दोन आवाज येतात, एक पावलाचा आणि एक पट्ट्याचा. मी उठून जिन्याशी जाते ती तुला जागा करून द्यायला. मी बाजूला झाले की तू येणार, खुर्ची ओढणार, माझ्या हातातलं काम घेणार. तू परगावी आहेस आणि मी अजून तुझ्यासाठी खुर्ची सोडते आहे!

म्हणजे मी आळशी नाही. धरसोड माझ्या स्वभावात आहे असं तू सगळ्यांना सांगत आलीस, ते मीही खरं मानत आले. पण ही शिकवलेली गोष्ट आहे. नमस्कार शिकवलास, क शिकवलास, तसंच हेही शिकवलंस: शेवट आला की उठायचं.

मी परत आले आणि तुझ्या खुर्चीत बसले. डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. बाही मी आज लावली नाही. फक्त बसून राहिले, बाही मांडीवर घेऊन, दुकान बंद होईपर्यंत. दर थोड्या वेळाने पाय आपोआप उचलले जायचे, मी ते खाली ठेवायचे. गिऱ्हाइकांना वाटलं असेल हिच्या पायाला मुंग्या आल्यात.

उद्या लावीन. आणि पुरा झाला की पहिल्यांदा तुला कळवीन, बाबांच्याही आधी. तुझं तोंड कसं होतं ते बघायला मिळणार नाही, एवढंच दुःख आहे.

२२ नोव्हेंबर

आत्या,

डावी बाही लागली. ही बातमी मी एका ओळीत उरकते, कारण आज दुसरं काहीतरी झालं आहे.

अस्तरासाठी जुनं कापड शोधताना मी कापायच्या टेबलाखालची पेटी उपसली. तळाशी, चादरीत गुंडाळलेला, एक कोट होता. बायकी. गडद जांभळा. खिसे झालेले, कॉलर बसवलेली, सगळीकडे पांढऱ्या कच्च्या टिपा. डावी बाही नाही. ती वेगळी घडी करून आत ठेवलेली. काजं आखलेली, कापलेली नाहीत. खडूची रेघ अजून दिसते. मी आधी कॉलर उलटून पाहिली. गाठ नव्हती.

मी आईला विचारलं. आई इस्त्री बाजूला ठेवून खाली बसली, तेव्हाच मला कळलं की हे लांबणार आहे. ती म्हणाली, "वन्संचा तो. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो पेटीत होता. मामंजी त्यांचं काही पुरं होऊ द्यायचे नाहीत. शेवटचं बटण ते स्वतः लावायचे. म्हणायचे, पोरीच्या हाताला अजून वजन नाही. हा एकच कोट वन्संनी स्वतःसाठी बेतला होता. मामंजींनी पुरा करू नये म्हणून लपवला. आणि मग स्वतःलाही पुरा करता आला नाही."

मी विचारलं की मग आत्याला लाल रंग कधी मिळाला. आई म्हणाली, मामंजींचे हात थरथरायला लागले तेव्हा.

तुला वाटत असेल हे ऐकून मी विरघळले. बाबांना तसंच वाटलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मला म्हणाले, "तूच तो पुरा कर, ताईला पाठवू, सगळं मिटून जाईल." माझं मात्र डोकं फिरलं. तुला माहीत होतं! कुठे दुखतं, कसं दुखतं, कोट पेटीत लपवावा इतकं दुखतं, हे सगळं माहीत असताना तू माझ्या जेवायच्या वेळेची वाट बघत बसलीस. आजोबांना कळत नव्हतं, असं तरी म्हणता येईल. तुझ्याबद्दल तेही म्हणता येत नाही.

म्हणून ठरवलं. बाबा म्हणतात तसंच करणार. हा जांभळा कोट मी पुरा करणार. बाही लावीन, काजं करीन, बटणं लावीन, आणि कॉलरखाली माझी गाठ मारून तुला पाठवीन. तू घरी नसताना पार्सल येईल. तू बाहेरून येशील तर तुझा कोट पुरा झालेला असेल. वर चिठ्ठी ठेवीन: आमची आत्या होती मदतीला.

हे लिहिताना मला किती बरं वाटतंय, तुला कल्पना नाही.

२९ नोव्हेंबर

आत्या,

आठवडाभर पत्र नाही, म्हणून तू काय समजली असशील ते मला माहीत आहे. बॅग भरली असशील. भरलेलीच आहे म्हणा ती.

आधी जांभळ्याचं. मी तो तुझ्या खुर्चीत बसूनच हातात घेतला. तुझी बाही मुंढ्याला टाचली. आपण दोघी बाही सारखीच टाचतो, माथ्यापासून सुरू करून दोन्हीकडे उतरत. मला दुसरी पद्धत माहीतच नाही. सुईत दोरा ओवला. पहिला टाका घालायचा तर आधी तुझी कच्ची टीप बाजूला करावी लागत होती. तुझे कच्चे टाके माझ्यासारखेच आहेत. लांब, आणि दर चौथा टाका जरा आखूड, दोरा ओढून बघितल्यासारखा. माझी ती खोड आहे असं तू म्हणायचीस.

मी सुई काढून घेतली. टाचण्याही काढल्या आणि बाही होती तशी घडी घालून ठेवली.

दया आली म्हणून नाही. नीट वाच. हा कोट मी पुरा केला असता तर तुझी सुटका झाली असती. बाबांनी कधी सोडवलं नाही, भाचीने सोडवलं, असं म्हणत तू तो अंगात घातला असतास, आणि शेजारणींना सांगितलं असतंस की आमच्या अर्धीला अखेर वळण लागलं. तुझं पुरं करून द्यायला मी तुझ्यासारखी नाही. तुझ्या अर्धवटाला या घरात कुणी हात लावणार नाही. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचली नाही, आणि मी पुष्कळ विचार केला.

आता माझं.

राखाडी कोटाचं शेवटचं बटण आज सकाळी लावलं, दुकानात ऊन असताना, दार उघडं ठेवून. गाण्याच्या बाई मापाची चौकशी करायला आल्या होत्या. मी हातातली कात्री खाली ठेवेपर्यंत त्या दाराबाहेरच थांबल्या, आणि त्यांच्यासकट सगळे हसलो. बटण चार छिद्रांचं. मी आत-बाहेर करून दोरा आवळला, बटणाच्या मानेशी गुंडाळला, आणि जिन्याकडे बघितलं नाही.

मग रंगाचा प्रश्न आला. बाबांनी रिळांचा अख्खा डबा पुढे केला आणि म्हणाले, घे हवा तो. मी लाल हातात घेतला होता, खोटं कशाला सांगू. तुझा रंग तू जिवंत असताना घ्यायचा, ही कल्पना मला फार आवडली होती. पण मग तू दुरुस्तीच्या कपड्याची कॉलर उलटून म्हणाली असतीस, हा माझाच.

मी कच्च्या टिपेचा पांढरा घेतला. कपड्यात कधी राहत नाही तो. ओढून काढतात तो. दुहेरी घेऊन गाठ मारली आणि उरलेला दोरा दाताने तोडला, तू नको म्हणायचीस तसा. आता या दुकानातून जे मी पुरं करीन त्यात तो राहील. बाबांनी कॉलर उलटून पाहिली. आईने स्टुलाचा चौथा पाय पुढे केला आणि म्हणाली, हात लागलाच आहे तर हाही उरक. तो उरकला. पडदा उद्या.

बाबांचं खणातलं पत्र ते फाडायला निघाले होते. मी फाडू दिलं नाही. तुझा जांभळा कोट या पार्सलात आहे, जसा पेटीत होता तसाच, बाही वेगळी, काजं न कापलेली, खडूची रेघ न पुसता. त्याच्या उजव्या खिशात ते पत्र आहे. त्यात त्यांनी तुला 'ये' म्हटलंय. तू घरातली मोठी आहेस आणि दार बाबांचं आहे, तेव्हा त्यात मी काही खोडलं नाही.

पण कापायचं टेबल आता माझं आहे, म्हणून माझी एक अट. तुझीच आहे, तुला पाठ असेल. एक कोट पुरा करून दाखव. शेवटच्या बटणापर्यंत, एकटीने, आणि तो घालून ये. मी दारात उभी असेन. आधी कॉलर उलटून बघेन, मग आत घेईन.

लाल दोऱ्याचं रीळ सोबत पाठवते आहे. कापड तुझं कापून झालेलंच आहे, तेवढी सवलत तुला.